पंधरा खेपा, एक फॉर्म आणि कोयीतला भुंगा

२०२५ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या. फळात अळी सापडली नव्हती. नवी मुंबईच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया झाल्यावर जो फॉर्म मालाबरोबर जावा लागतो त्यात गोंधळ आहे, एवढंच तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. पर्याय दोनच: माल आपल्या खर्चाने परत न्या, नाहीतर इथे नष्ट करा. आंबा परत आणायचं भाडंच आंब्याला खाऊन टाकतं, तेव्हा निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट होऊ दिला.

त्या आठवड्यात रत्नागिरीपासून देवगडपर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता: आंबा चांगला होता ना, मग कागदापायी फेकला कशाला? बागायतदाराचा राग रास्तच आहे. पण शेतमाल सीमेवर का अडवतात हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही. कारण या खेपांबाबत तपासण्यासारखी गोष्ट कागदाशिवाय दुसरी जवळजवळ नव्हतीच. ते कसं, हे बघायला आधी कोयीत शिरावं लागेल.

कोयीतला भुंगा वाढतो तो फक्त आंब्यावर. कैरी लहान असतानाच मादी सालीवर बारीकशी खाच पाडून अंडं घालते. खाचेतून चीक येतो, सुकतो आणि अंड्यावर झाकण बसतं. अळी निघते ती गरातून थेट कोयीत. तेव्हा कोय मऊ असते. पुढे फळ पोसत जातं, अळीने केलेली वाट गराने बुजते, कोय कठीण होते आणि अळी आत बंद होते. आतली बी खाऊन ती तिथेच कोषात जाते आणि तिथेच भुंगा होते. बाहेरून साल निर्मळ, गर उत्तम, वजन पुरेपूर. खाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही, कोय चोखून आपण फेकून देतो. त्या फेकलेल्या कोयीतून भुंगा बाहेर पडतो आणि आसपास आंब्याचं झाड असलं की तिथे बस्तान बसवतो.

हा भुंगा अमेरिकेच्या हवाई बेटांवर आहे, मुख्य भूमीवर नाही. फ्लोरिडात आंब्याच्या बागा आहेत आणि तो तिथे पोचू नये, एवढंच अमेरिकेला हवं आहे. आता त्यांच्या विमानतळावर उभ्या असलेल्या निरीक्षकाने पेटी उघडून ओळखायचं काय? फळं चिरून बघायची, तर किती?

थोडा हिशेब करू. समजा १२,००० आंब्यांची खेप आहे आणि त्यातल्या १२ फळांत भुंगा आहे, म्हणजे हजारात एक. निरीक्षकाने कुठलीही ३०० फळं उचलून चिरली, तरी चारातल्या जवळजवळ तीन वेळा त्याला एकही भुंगा सापडणार नाही. ३०० हापूस कापूनसुद्धा! लागण शंभरात एक असती तर याच ३०० फळांत ती सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर गेली असती. म्हणजे जिथे कीड भरपूर आहे तिथेच नमुना तपासणी कामाला येते. थोडीशी असली की ती निसटते, आणि नव्या देशात पाय रोवायला थोडीशीच पुरते.

म्हणून सीमेवर शोधाशोध करण्यापेक्षा माल निघण्याआधीच त्यातली कीड निकामी करायची, असा मार्ग निघाला. अमेरिकेसाठी ते काम गॅमा किरण करतात. आंब्याला किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप) इतकी मात्रा मिळाली पाहिजे, अशी अट आहे. फळ त्याने किरणोत्सारी होत नाही. ही शंका अजूनही विचारली जाते, म्हणून सांगितलं. १९८९ पासून अमेरिकेचं दार हापूसला बंद होतं, ते २००७ मध्ये या अटीवर उघडलं आणि पहिला आंबा लासलगावच्या केंद्रातून गेला. त्याच बोलण्यांत अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसन मोटरसायकलींना भारताचं दार उघडून मिळालं, हीही नोंद आहे. आंब्याच्या बदल्यात मोटरसायकल असा सौदा कोकणातल्या कुठल्या दलालाला सुचला असता, असं वाटत नाही.

खरी मेख पुढे आहे. ४०० ग्रेने भुंगा जागच्या जागी मरतोच असं नाही. त्याची वाढ खुंटते, वीण थांबते. त्याला संपवण्यापेक्षा त्याचा वंश थांबवणं हाच या प्रक्रियेचा हेतू. त्यामुळे अमेरिकेत कुणी कोय फोडली आणि आत हलणारी अळी दिसली, तर ती किरण घेतलेली आहे की न घेतलेली, हे बघून सांगता येत नाही. पेट्यांबरोबर ठेवलेल्या मात्रामापकांवर किती मात्रा नोंदली गेली आणि ती कुणी बघितली, याचा कागद हा एकच पुरावा उरतो. त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणूस इथे केंद्रावर हजर असतो. कोरोनाच्या काळात तो येऊ शकला नाही, तर २०२० आणि २०२१ चे दोन हंगाम अमेरिकेची निर्यात बंदच राहिली. आंबा होता, यंत्रं होती, सही करणारा नव्हता.

तेव्हा मे २०२५ मध्ये चूक कुणाची झाली यावर वाद जरूर घालावा. फॉर्म भरणाऱ्याची चूक असेल तर भुर्दंड निर्यातदाराने का सोसायचा, हा प्रश्न खराच आहे. पण 'नुसता कागद' म्हणून तो उडवून लावता येत नाही.

साका चालतो, माशी चालत नाही

सीमेवरच्या या तपासणीला मालाच्या दर्जाशी काहीही देणंघेणं नसतं. आंब्यात साका निघाला तर ग्राहक शिव्या घालील, पैसे परत मागेल, पण वनस्पती संगरोधाच्या, म्हणजे परकी कीड-रोग आत येऊ नयेत म्हणून माल तपासणाऱ्या खात्याच्या, अधिकाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. साका हा फळाच्या आत होणारा बिघाड, तो एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. फळमाशीचं अंडं मात्र जातं. अधिकारी एवढंच विचारतो: या मालाबरोबर असं काही येतंय का, जे आमच्या देशात नाही आणि आलं तर आमच्या शेतीचं नुकसान करील?

या प्रश्नालाही नियम आहेत. जी कीड तुमच्या देशात आधीच सगळीकडे पसरली आहे, तिच्या नावाखाली तुम्ही परक्याचा माल अडवू शकत नाही. घरच्यांना सूट आणि पाहुण्यांना अट, हे चालत नाही. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ मध्ये अमलात आलेल्या करारात ते लिहून ठेवलंय: अटीला शास्त्रीय आधार हवा आणि ती गरजेपुरतीच हवी. हवाईच्या आंब्यालाही अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाताना किरणांची अट आहे, ती यामुळेच न्याय्य दिसते.

जपानचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. आपल्या बेटांवरची फळमाशी त्या देशाने वर्षानुवर्षं खपून हटवली. वांझ केलेले नर कारखान्यात तयार करून हवेतून सोडायचे, म्हणजे माद्यांची अंडी फुकट जातात, अशी ती पद्धत. ओकिनावाच्या बेटांवरून काकडीवर्गीय पिकांवरची माशी १९९३ मध्ये अशीच नाहीशी झाली. एवढा खटाटोप केलेला देश आपल्या आंब्याच्या पेटीकडे संशयाने बघणारच. १९८६ पासून बंद असलेलं त्यांचं दार २००६ मध्ये उघडलं, तेही आंब्याला बाष्प-उष्णता प्रक्रिया, म्हणजे गरम दमट हवेचा शेक, देऊन आणि त्यांचा निरीक्षक इथे उभा करून.

युरोपने आपल्याला जो धडा दिला, तो कोकणात अजून विसरलेला नाही. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळ-भाज्यांच्या २०७ खेपांत तिथे फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंबा आणि त्याच्याबरोबर अळू, कारली, वांगी, पडवळ यांवर बंदी घातली. तारीख बघा: १ मे म्हणजे हापूसचा ऐन भर. तेव्हा इथे बहुतेकांनी याला व्यापारी डाव म्हटलं. मला तसं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. इंग्लंडच्या काचघरांत टोमॅटो-काकडी पिकवणारा शेतकरी आपल्याच जातीचा, त्याला आपल्या पिकाची धास्ती. आणि २०७ वेळा सापडणं हा अपघात म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं आपण 'फायटो' देत होतो, म्हणजे आमच्या सरकारने हा माल बघितला, तो कीडमुक्त आहे, असं लिहून सही-शिक्क्यानिशी देत होतो, आणि पलीकडे पेटी उघडली की माशी निघत होती. शब्दाची किंमत गेली होती.

जानेवारी २०१५ मध्ये युरोपने आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय घेतला, कारण मधल्या काळात इथे कामाची पद्धत बदलली. निर्यातीची बाग मँगोनेटवर, म्हणजे अशा बागांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवलेली हवी, म्हणजे पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. वाशीच्या केंद्रात फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवून काढायचं, म्हणजे सालीखालची अंडी-अळ्या मरतात. पाणी एवढं गरम की माशी मेली पाहिजे, आणि एवढंच गरम की आंबा शिजता कामा नये. ती मधली जागा फार अरुंद आहे. किती कीड मेली म्हणजे प्रक्रिया पास, याचंही माप ठरलेलं आहे. फळमाशीसाठी सर्वात कडक मोजमाप घेतलं तर दहा लाखांत ३२ पेक्षा जास्त जगता कामा नयेत.

तरीही माशीचा खरा बंदोबस्त बागेतच होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा इथल्या बागांतून लटकलेला दिसतो. आत मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या वासाला भुलून नर आत येतात आणि अडकतात. सापळ्याखाली मेलेल्या माशांचा ढीग बघून समाधान वाटतं खरं, पण तो ढीग नरांचा. डंख मारते मादी. म्हणून झाडाखाली गळून पडलेली फळं रोजच्या रोज उचलून खोल पुरणं हे कंटाळवाणं काम टळत नाही. गडीमाणूस मिळत नाही म्हणून नेमकं तेच टाळलं जातं.

आता न्हावाशेव्याच्या बाजूने

इथवर आपण विकणाऱ्याच्या बाजूने बोललो. बाजू पालटली की चित्र वेगळं दिसतं. उरणजवळचं न्हावाशेवा बंदर १९८९ पासून चालू आहे आणि आज वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर, म्हणजे वीस फुटी मापाने मोजलेले, हाताळतं. त्यात लाकूड असतं, कडधान्य असतं, सफरचंद असतं, बियाणं असतं. कोकणच्या किनाऱ्याला देशाचं हे एवढं मोठं दार आहे आणि त्या दारातून काय आत येतं याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. आंबा अडला की मात्र पहिल्या पानावर बातमी.

दार राखण्याचं काम इथे नवीन नाही. अमेरिकेत कापसाच्या बोंडावरच्या भुंग्याने शेती उद्ध्वस्त करायला घेतली, तेव्हा १९०६ मध्ये इथल्या सरकारने अमेरिकेतून येणाऱ्या कापसाच्या गाठींना विषारी वायूची धुरी सक्तीची केली. पुढे १९१४ मध्ये विध्वंसक कीटक आणि कीड कायदा आला, आणि आजही सगळं त्याच कायद्याच्या पोटात चालतं. तो बोंडावरचा भुंगा आजतागायत भारतात नाही. या यशाचा सत्कार कधी कुणी केला नाही, कारण जे आलं नाही ते दिसत नाही.

सध्या २००३ चा आयात आदेश लागू आहे. त्यात मालाचे चार कप्पे आहेत. काही वस्तू ठरावीक देशांतून आणायच्याच नाहीत. काही फक्त संशोधन संस्थांनी आणायच्या. काही आणता येतात पण अमुक किडीपासून मुक्त असल्याची जादा हमी आणि अमुक प्रक्रिया हवी. आणि खाण्यासाठी किंवा कारखान्यासाठी येणाऱ्या बऱ्याच मालाला परदेशी सरकारचं फायटो आणि इथली तपासणी एवढं पुरतं. लावायला आणलेलं रोप, कलम किंवा बियाणं सगळ्यात कडक, कारण ते थेट मातीत जातं. माती तर अशी सहजासहजी आणताच येत नाही. चिमूटभर मातीत सूत्रकृमी, बुरशी, तणाचं बी, काहीही असू शकतं.

काजूचं उदाहरण घेऊ. आपल्या बिया वर्षभर पुरत नाहीत, म्हणून आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन, गिनी-बिसाऊहून कच्च्या काजूबिया जहाजाने भारतात येतात आणि सिंधुदुर्गातल्या कारखान्यांतही फोडल्या जातात. बंदरात आलेला कंटेनर आसपासच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या आणि उघडायच्या आवारात, जातो. दार उघडलं की आधी कोपरे, दाराचं रबर आणि तळाच्या फळ्यांच्या फटी बघायच्या, कारण कीड मालापेक्षा फटीत जास्त सापडते. मग वेगवेगळ्या थरांतल्या पोत्यांत पोकळ नळी खुपसून नमुना काढायचा, पांढऱ्या ताटात पसरायचा, चाळायचा. चाळणीखाली जे पडतं त्यात सगळी गोम असते: पिठासारखी पूड दिसली तर काहीतरी कुरतडतंय, बारीक काळं बी दिसलं तर ते कुठल्या तणाचं, हे भिंगाखाली ओळखायचं. जिवंत कीड निघाली तर माल ताडपत्रीखाली झाकून धुरी, पुन्हा तपासणी. धुरीने भागणार नसेल तर परत पाठवा किंवा नष्ट करा.

हे होईपर्यंत घड्याळ आयातदाराच्या डोक्यावर टिकटिकत असतं. सीएफएसचं भाडं, कंटेनर अडकवून ठेवल्याचं डिटेन्शन, शिवाय कारखान्यात बसून राहिलेले कामगार. क्लिअरिंग एजंट रोज फोन करतो, अधिकाऱ्यांची संख्या कंटेनरच्या मानाने थोडी. सगळं उघडून बघणं कुणालाही शक्य नाही. म्हणून २०१६ पासून कस्टम्सने एक खिडकी पद्धत आणली: एकदाच ऑनलाइन अर्ज, तो वनस्पती संगरोध, अन्नसुरक्षा वगैरे खात्यांकडे आपोआप जातो, आणि कुणाचा माल किती खोल तपासायचा हे धोक्याच्या अंदाजावर ठरतं. वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखंच आहे हे: ज्याने आजवर वेळेवर पैसे दिले त्याला हटकत नाहीत, ज्याचं खातं थकलंय त्याला दारातच उभा करतात. युरोपच्या वहीत २०१३ मध्ये आपलं खातं थकलं होतं.

उरणकडे गेलात तर भंगारात काढलेली लाकडी पॅलेट आणि खोकी ढिगाने विकायला दिसतील. त्यांच्या एखाद्या फळीवर भाजून उठवलेला शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची आणि कारखान्याची खूण, आणि 'एचटी' अशी दोन अक्षरं. म्हणजे हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना सलग ३० मिनिटं तापवलं आहे. चीनमधून यंत्रांभोवतीच्या कच्च्या लाकडात बसून आलेल्या लांब मिशांच्या भुंग्याने १९९० च्या दशकात न्यूयॉर्क आणि शिकागोतली रस्त्याकडेची झाडं पोखरली, त्यानंतर २००२ मध्ये हा नियम जगभरासाठी आला. यंत्राची आयात करणाऱ्याला वाटतं आपला शेतीशी काय संबंध. संबंध खोक्याशी आहे.

जे निसटलं ते माडावर दिसतं

दार राखूनही आत काय काय आलं, हे बघायला कोकणात लांब जावं लागत नाही, माडाखाली उभं राहिलं तरी पुरे. नारळ पाडल्यावर देठाकडच्या टोपीखालून खाली उतरलेले तपकिरी, खरबरीत, भेगाळलेले चट्टे दिसतात ना, ते इरिओफाइड कोळ्याचं काम. हा कोळी डोळ्याला दिसतच नाही इतका बारीक. कोवळ्या फळाच्या टोपीखाली दडून तो रस शोषतो, आधी तिथे फिकट त्रिकोणी डाग पडतो, फळ वाढेल तसा तो करपून खरखरीत होतो. नारळ लहान राहतो, सोडण घट्ट बसतं, सोलणारा वैतागतो. हा जीव पहिल्यांदा नोंदला गेला मेक्सिकोत, १९६५ मध्ये. भारतात तो १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात सापडला, आणि मग किनाऱ्याने वर सरकत आला.

दुसरी पाहुणी रुगोज चक्राकार पांढरी माशी. मध्य अमेरिकेतली. भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूच्या पोल्लाचीला माडावर दिसली, पुढे काही वर्षांत कोकणातही पोचली. झावळीच्या पालथ्या बाजूला मेणकट पांढऱ्या रेषांत गोलगोल अंडी, आणि खालच्या पानांवर चिकट गोड स्राव, त्यावर काळी बुरशी. माडाखालची केळ, पेरू, मिरवेल, सगळं काजळी धरल्यासारखं काळं होतं. लोक तो काळा थर बघून बुरशीनाशक मारतात, पण माशी वरच्या झावळीत मजेत असते. जहाल औषध मारलं तर माशीवर जगणारा मित्रकीटकही मरतो आणि माशी दुप्पट वाढते.

बंदोबस्ताचा एक सुंदर प्रकारही याच कायद्याखाली घडला, तो सांगायला हवा. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि झपाट्याने पसरला. औषधं फवारून तो आटोपेना. शेवटी २०१० मध्ये त्याला मारणारी इवलीशी गांधीलमाशी पोर्टो रिकोहून रीतसर परवाना काढून आणली, ती आणखी कशाच्या वाटेला जात नाही ना हे पारखलं, आणि मग सोडली. पपई वाचली. म्हणजे परका जीव आत घ्यायलाही हेच दार, फक्त उघडायच्या आधी चौकशी.

गाजरगवताची चौकशी झाली नव्हती. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं, आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आज रस्त्याकडेला त्याच्याशिवाय दुसरं काही उगवत नाही अशी जागा शोधावी लागत नाही.

अडवणूक की राखण

कीड हे निमित्त करून माल अडवायचा, हा खेळ जगात चालतो आणि आपणही त्यात धुतल्या तांदळासारखे नाही. कॅनडाच्या वाटाणा-मसूरचं बघा. माल निघण्याआधी तिथेच मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्या, असा आपला आग्रह. कॅनडा म्हणायचा, आमच्याकडे थंडीच एवढी की या किडी टिकत नाहीत, आणि हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून जगाने कमी करायचा ठरवलाय. वर्षानुवर्षं आपण मुदतवाढ देत राहिलो आणि इथे पोचल्यावर धुरी देत राहिलो. बर्ड फ्लूच्या नावाने अमेरिकन कोंबडीवर घातलेल्या बंदीचा खटला तर आपण जागतिक व्यापार संघटनेत २०१५ मध्ये हरलोच, कारण बंदी शास्त्राच्या मापाहून जास्त रुंद होती.

कोकणात याचं घरगुती रूप म्हणजे काजूचा भाव. आफ्रिकेची बी येते, इथल्या बीचा दर पडतो, आणि मग 'त्यात कीड असते, बंद करा' अशी मागणी होते. दराचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण त्याचं औषध आयात शुल्कात आहे. कच्च्या काजूवरचं शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं, भांडायचं तर त्यावर भांडावं. किडीचं नाव पुढे करून दर सांभाळायला गेलो, तर उद्या खरी कीड आली तेव्हा आपलं कुणी ऐकणार नाही, आणि युरोप आपल्याशी तसंच वागला तर तक्रारीला तोंड उरणार नाही.

सुटकेसचाही दोष असतो. मुलाकडे अमेरिकेला निघालेली आई साड्यांच्या घडीत चार हापूस दडवते, आणि तिथे बॅगांच्या पट्ट्याशी बीगल कुत्रं नेमकं त्याच बॅगेजवळ बसतं. तांदळाचंही तेच. खपरा भुंगेरा ही मूळ आपल्या उपखंडाची कीड, आणि धान्य साठवणाऱ्या देशांना तिची धडकी भरते, कारण तिची अळी फटीत काही न खाता वर्षानुवर्षं टिकून राहते. २०११ पासून अमेरिकेने अशा देशांतून प्रवासी सामानात तांदूळ आणायला मनाई केली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात हा भुंगेरा सापडला तो धान्यात नव्हे, नव्या फ्रीजच्या वेष्टनात. आणि तिकडून येताना टॉवेलात गुंडाळून आणलेली जास्वंदीची फांदी किंवा रुमालात बांधलेलं बी हे तर उलट दिशेचं तेच काम. कस्टम्सच्या हिरव्या वाटेने ते बाहेर आलं की मग ते कुठल्याच नोंदीत नसतं.

मला सगळ्यात मोठी फट मात्र विमानतळावर किंवा न्हावाशेव्यात दिसत नाही. ती देशाच्या आत आहे. एर्नाकुलमची कीड रत्नागिरीला आली, पोल्लाचीची वेंगुर्ल्याला, यात न्हावाशेव्याच्या अधिकाऱ्याने काय करायचं? आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून आणि केरळातून शोभेची झाडं, माडाची रोपं, कलमं ट्रकने भरभरून कोकणात येतात. रिसॉर्टच्या अंगणात उतरतात, घाटावर विकली जातात. १९१४ चा कायदा राज्याराज्यांतल्या ने-आणीवरही बंधन घालू देतो, पण ते वापरलंय बटाट्यावरचा चामखीळ रोग, केळीवरचा पर्णगुच्छ अशा मोजक्या बाबतींत. बाकी ट्रकला कुणी विचारत नाही. परदेशातून एक रोप आणायला परवाना लागतो, आणि तीच कीड एकदा आत आली की हजार रोपांवर बसून महामार्गाने हिंडते.

यात आता डहाणूजवळच्या वाढवण बंदराची भर पडेल. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, खर्च ७६ हजार कोटींहून जास्त. मच्छीमारांचा विरोध आणि समुद्राचा प्रश्न यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्याच तालुक्यात घोलवडचा भौगोलिक मानांकन मिळालेला चिकू आहे. बंदर आणि बागा इतक्या जवळ येणार असतील, तर संगरोध केंद्र, प्रयोगशाळा आणि धुरीची जागा किती हे आत्ताच विचारायला हवं, धक्के बांधून झाल्यावर नव्हे.

आपल्या बागेपुरतं बोलायचं तर बाहेरून आणलेलं रोप लगेच जुन्या झाडांत नेऊन लावू नका. तीन-चार आठवडे लांब, एका बाजूला ठेवा, पानांच्या पालथ्या बाजू आणि बुंध्याची माती बघत राहा. कधी न पाहिलेलं काही दिसलं तर आधी फोटो काढून कृषी सहायकाला, दापोलीला, माडाचं असेल तर भाट्येच्या नारळ संशोधन केंद्राला, काजू-आंब्याचं असेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला पाठवा. लागलेली फांदी तोडून, मोटरसायकलच्या हँडलला लटकवून दाखवायला नेऊ नका. वाटेत दहा वाड्या लागतात.